शेंगांची टरफलं कुठल्या बादलीत?

सकाळचे साडेसात. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची गल्ली. घंटागाडी चौकातून आत वळली की शेजारच्या अक्का हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या घेऊन उंबऱ्यात येतात. परवा त्यांच्याकडं एक घमेलंही होतं. आदल्या रात्री चटणीसाठी पाच किलो शेंगा फोडल्या होत्या, त्यांची टरफलं.

“हे सुक्यात टाकू ना ओ?” अक्कांनी विचारलं.

“सुकंच आहे की, अक्का,” गाडीवरचा पोरगा म्हणाला. “हात लावून बघा, खडखडीत.”

मी मध्येच तोंड घातलं. “नाही ओ, ओल्यात जातंय ते.”

दोघांनी माझ्याकडं बघितलं. अक्कांनी एक टरफल उचललं, बोटांत चुरडलं, भुगा माझ्यासमोर फुंकला आणि म्हणाल्या, “हे ओलं?”

त्यांचा नातू कॉलेजात आहे. “थांब, ॲपवर बघतो,” म्हणत त्यानं फोन काढला. ॲपमध्ये तक्रार करायची सोय होती, फोटो टाकायची सोय होती, स्वच्छतेच्या घोषणा होत्या. टरफलं कुठं टाकायची ते मात्र नव्हतं. तेवढ्यात गाडी पुढं सरकली आणि टरफलं घमेल्यातच राहिली.

हा लेख त्या घमेल्यामुळं लिहायला घेतला. गेल्या दहाएक वर्षांत देशोदेशीच्या नगरपालिकांनी कचऱ्यासाठी ॲप काढली. ती नेमकं करतात काय, आणि त्यानं आपल्या स्वयंपाकघरातला हात खरंच वेगळ्या बादलीकडं वळतो का, एवढंच समजून घ्यायचं आहे.

आधी टरफलांचा निकाल लावू. ‘ओला’ आणि ‘सुका’ हे शब्द आपण पाण्यावरून घेतले आणि तिथंच घोटाळा झाला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच तीन वाटे करायला सांगितले: कुजणारा कचरा, न कुजणारा कचरा आणि औषधं, बॅटऱ्या, रंगाचे डबे असला घरगुती घातक कचरा. बोलताना पहिल्याचं ‘ओला’ झालं, दुसऱ्याचं ‘सुका’. म्हणून टरफल कितीही खडखडीत असलं तरी ते ओल्यात, आणि दुधाची पिशवी ठिबकत असली तरी ती सुक्यात. आमच्या भागात तर याहून अवघड प्रकरण घरोघरी आहे. विड्या वळणाऱ्या बायका तेंदूची पानं भिजवतात, साच्यावर ठेवून कातरतात, आणि कातरणाचा ढीग कोपऱ्यात साठतो. सकाळी तो ओला असतो, दुपारपर्यंत वाळून कुरकुरीत होतो. म्हणून दुपारी त्याची बादली बदलते का? नाही बदलत, पान ते पानच. उलट टॉवेलच्या कारखान्यातली सुती चिंधी मातीत कुजते खरी, पण व्यवहारात ती सुक्यात देतात, कारण कापड पुन्हा कामाला येतं.

म्हणजे प्रश्न अडाणीपणाचा नाहीच. दोन शब्दांनी दिलेली दिशाच अर्धवट आहे.

आता पालिकेला आपल्या बादलीत एवढं डोकावायचं कारण काय? तुळजापूर रोडच्या कचरा डेपोवर ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज करणारा प्रकल्प आहे. अशा प्रकल्पात हवाबंद टाकीत जंतू कचरा खातात आणि मिथेन वायू सुटतो. गोबर गॅससारखंच, फक्त शेणाच्या जागी भाजीचे देठ, शिळी भाकरी, आंब्याच्या कोयी. जंतूंना प्लास्टिक पचत नाही. पिशव्या यंत्रात गुंडाळल्या जातात, काचेनं पाती झिजतात, तळाशी गाळ साचतो. तोच कचरा सरमिसळ होऊन उघड्यावर पडला की मिथेन हवेत जातो आणि उन्हाळ्यात ढिगाला आग लागते. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. तो चालतो, कारण घराघरातून कचरा आधीच वेगळा होऊन येतो. एकदा सगळं एकत्र झालं की पुढं वेगळं करणं म्हणजे शेंगाचटणीतून तिखट वेचून काढणं.

वेगळं करायची सगळ्यांत स्वस्त जागा म्हणजे ओट्याखालचा कोपरा. आणि सगळ्यांत अवघड जागाही तीच. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. एवढ्या लोकांच्या घरांत ओट्याखाली दिवसातून वीस वेळा दोन-दोन सेकंदांचा निर्णय होतो: इकडं की तिकडं? तिथं ना मुकादम उभा राहू शकतो, ना दंडाची पावती पोचते. फोन मात्र ओट्यावरच असतो, भाकरीच्या पिठाचे हात लागलेला. पालिकांना ॲपचा मोह पडतो तो इथं.

पहिली पिढी तक्रारींची. केंद्र सरकारचं ‘स्वच्छता’ ॲप २०१६ मध्ये आलं. बंगळुरूच्या जनाग्रह या संस्थेनं त्यासाठी तांत्रिक हातभार लावला. कचऱ्याच्या ढिगाचा फोटो काढा, जागा आपोआप नोंदली जाते, तक्रार संबंधित पालिकेकडं जाते, काम झालं की उलट निरोप येतो. नीट बघितलं तर हे ॲप घराच्या सवयीसाठी नाहीच, ते पालिकेच्या सवयीसाठी आहे. तरी घरावर त्याचा आडून परिणाम होतो. ज्यानं फोटो टाकला आणि दोन दिवसांत कोपरा साफ झालेला बघितला, तो त्या कोपऱ्यात पिशवी भिरकावताना जरा अडखळतो.

उलटही घडतं. दुसऱ्या एका शहरात राहणाऱ्या माझ्या मामेभावानं असाच फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी ‘तक्रार निकाली’ असा निरोप आला, सोबत लख्ख साफ कोपऱ्याचा फोटो. फोटोतल्या विजेच्या खांबावर निळा पट्टा होता. त्याच्या गल्लीतल्या एकाही खांबावर पट्टा नाही. कोपरा कुठला तरी दुसराच. त्यानं ॲप काढून टाकलं, आणि मला शंका आहे की ओला-सुका वेगळा करणंही त्याच आठवड्यात सोडलं असणार. विचारलं तर हसतो नुसता.

दुसरी पिढी विचारपूस करणाऱ्या ॲपची. जपानमध्ये योकोहामा शहरानं कचऱ्याचा प्रश्न विचारा आणि उत्तर मिळवा असा चॅटबॉट काढला. छत्री? छत्री कशात ते सांगतो. तव्याचं विचारा, तव्याचं सांगतो. कुणीतरी गंमत म्हणून “नवरा टाकायचाय” असं लिहिलं, तर त्यानं लग्न आणि संयम यांवर चक्क तत्त्वज्ञान ऐकवलं, आणि २०१७ मध्ये त्या एका उत्तरानं तो जपानभर गाजला. गंमत सोडा, पण यातली युक्ती हुशारीची आहे: नियमांची पंचवीस पानं कुणी वाचत नाही, पण हातात वस्तू असताना पडलेल्या एका प्रश्नाला एक उत्तर सगळ्यांनाच हवं असतं. अक्कांच्या नातवाला नेमकं हेच हवं होतं. सोलापूरसाठी असं काही करायचं झालं तर त्यात टरफल, तेंदूचं कातरण, सुताचा गुंता, हुरड्याची कणसं हे शब्द आधी लागतील.

तिसरी पिढी दारावरच्या स्टिकरची, आणि इथं जरा थांबायला हवं.

काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, देशातल्या अनेक शहरांनी घरांच्या दारांवर लावला. केरळात तर ‘हरितमित्रम्’ नावाचं ॲपच आहे. हरित कर्म सेनेच्या बायका घरोघरी जाऊन धुतलेलं, वाळवलेलं प्लास्टिक गोळा करतात, दारावरचा कोड स्कॅन करतात आणि कुणी काय दिलं, पैसे भरले का, याची नोंद तिथल्या तिथं होते. लोकांना वाटतं कोड आपल्यासाठी आहे, काहीतरी उघडून बघायचं असेल. तसं नसतं. आपल्याला त्या स्टिकरचं काहीच करायचं नसतं. स्कॅन करतो गाडीवरचा माणूस, आणि लक्ष आधी ठेवलं जातं ते त्याच्यावर: अमुक गल्लीत गेलास का, किती वाजता गेलास, कुठलं घर सोडलंस.

मग घरावर परिणाम होतो तो कसा? गाडी रोज येऊ लागते म्हणून. हा या सगळ्या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा आहे. ज्या घरात गाडी कधी येईल याचा भरवसा नाही, तिथं दोन बादल्या ठेवणं परवडतच नाही. ओला कचरा दोन दिवस राहिला की चिलटं होतात, तिसऱ्या दिवशी वास, चौथ्या दिवशी सासूबाई सगळं एका पिशवीत कोंबून नाक्यावर पाठवतात. यात कुणाच्या नागरिकत्वाचा प्रश्न नसतो, फक्त वासाचा असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट हातवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर हिशेबानं कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. पण हे सगळं कधी? रोज त्याच वेळी, तीच खूण मिळाली तर. घंटागाडीची घंटा ही आपली खूण. ती आज सातला, उद्या अकराला आणि परवा नाहीच अशी वाजली, तर सहासष्टाव्या दिवशीही आपण पहिल्याच दिवशी असतो.

स्टिकरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी स्कॅन केल्यावर कामगाराला एक बटण दाबायचं असतं: कचरा वेगळा केलेला, की मिश्र? आता विचार करा. एका घराला दहा सेकंद धरले तरी सातशे घरांचे जवळपास दोन तास नुसते फोन दाखवण्यात जातात, तेही हातमोजे काढून-घालून. त्यात अक्का समोर उभ्या. त्याच अक्का त्याला उन्हाळ्यात पाणी देतात, दिवाळीला पोस्त देतात. त्यांच्या तोंडावर तो ‘मिश्र’ दाबेल? माझी पैज आहे, नाही दाबणार. दाबूही नये, असं मला मनातून वाटतं. पण मग संध्याकाळी साहेबांच्या संगणकावर अख्खी गल्ली हिरवीगार दिसते आणि गाडीच्या डब्यात मात्र डायपर आणि दोडक्याची सालं गळ्यात गळे घालून बसलेली असतात. स्टिकरचे फोटो काढून एका झाडाखाली बसून सगळे स्कॅन करायची पळवाट तर कुणालाही सुचेल. म्हणून मग जीपीएस आलं. एकानं पळवाट काढायची, दुसऱ्यानं ती बुजवायची, हा खेळ चालूच राहतो.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये बँकांच्या आकड्यांबद्दल जे निरीक्षण मांडलं होतं, ते इथं चपखल बसतं: एखादं मोजमापच उद्दिष्ट होऊन बसलं की त्याच्यावर विसंबता येत नाही. शहरांना स्वच्छतेचे गुण देणारं केंद्राचं स्वच्छ सर्वेक्षण २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालं, पुढं शेकडो शहरं त्यात आली. सुरुवातीच्या काही वर्षांत किती नागरिकांनी ॲप घेतलं यालाही गुण होते. मग गावोगावी काय झालं ते आठवत असेल तुम्हाला. कॉलेजच्या गेटवर, बाजारात, कार्यालयांत ॲप डाउनलोड करून घ्यायच्या मोहिमा. फोनमध्ये ॲप आलं, गुण मिळाले, पंधरा दिवसांनी फोनची जागा भरली म्हणून ॲप गेलं. त्या सगळ्या धावपळीत एक बादलीही इकडची तिकडं झाली नसेल.

आता त्या निरोपांकडं येऊ, जे ॲपमधून किंवा एसएमएसनं आपल्याला येतात. इथं मानसशास्त्रज्ञांनी केलेले दोन प्रयोग मला फार आवडतात.

अमेरिकेत ॲरिझोनात एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत. पर्यटक आठवण म्हणून तुकडे खिशात घालतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथं वेगवेगळ्या पाट्या लावून बघितल्या. एका पाटीचा आशय असा की आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळं या जंगलाची रया गेली. दुसरी साधी: कृपया लाकूड नेऊ नका. पहिल्या पाटीच्या वेळी खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले, दुसऱ्या पाटीच्या वेळी २ टक्क्यांहूनही कमी. कारण उघड आहे. ‘अनेकांनी नेलं’ हे वाचल्यावर मनातला आवाज म्हणतो, सगळेच नेतायत तर मीच का सोडू?

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावातला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. घरांच्या दारावर चिठ्ठी अडकवली: तुमचा विजेचा वापर इतका, शेजाऱ्यांचा सरासरी इतका. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. छान. पण जे आधीच कमी वापरत होते त्यांनी वाढवला! आपण उगाच काटकसर करत होतो असं त्यांना वाटलं असणार. मग संशोधकांनी कमी वापरणाऱ्यांच्या चिठ्ठीवर हातानं एक हसरा चेहरा काढला. तेवढ्यानं ही उलटी वाढ थांबली.

आता आपल्याकडच्या निरोपांचा नेहमीचा सूर आठवा. ‘वारंवार आवाहन करूनही बहुतांश नागरिक कचरा वेगळा देत नाहीत, ही खेदाची बाब आहे.’ लिहिणाऱ्याला वाटतं आपण कान उपटले. वाचणाऱ्याला कळतं एवढंच की बहुतांश लोक देत नाहीत, म्हणजे आपण एकटे नाही, चला. त्याऐवजी, ‘तुमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांनी या आठवड्यात कचरा वेगळा दिला, तुमचंही घर त्यात आहे’, असं लिहिलं तर? पण ते खरं असलं पाहिजे. गल्लीत कोण काय देतं हे गल्लीला पक्कं ठाऊक असतं, खोटा निरोप तिसऱ्या दिवशी चेष्टेचा विषय होतो. आणि ‘गल्ली’ हा शब्द महत्त्वाचा. ‘शहरातल्या नागरिकांनी’ म्हटलं की कुणाच्याच अंगाला लागत नाही. पलीकडच्या जुळे सोलापूर भागातल्या लोकांनी काय केलं याचं आमच्या अक्कांना काही देणंघेणं नाही. समोरच्या घरानं काय केलं याचं आहे. भरपूर आहे.

पैशाचं थोडक्यात. दक्षिण कोरियानं १९९५ मध्ये देशभर कचऱ्याच्या पिशव्या विकत घ्यायला लावल्या, जितका कचरा तितक्या पिशव्या. २००५ पासून उरलेलं अन्न थेट जमिनीत पुरायला बंदी केली आणि २०१३ पासून अन्नाच्या कचऱ्याचे पैसे त्याच्या प्रमाणात घ्यायला सुरुवात केली. सोलच्या इमारतींखाली पेट्या आहेत: कार्ड टेकवा, झाकण उघडतं, कचरा टाका, पडद्यावर वजन आणि रक्कम दिसते. लोकांनी काय केलं? कचऱ्यातलं पाणी निथळून टाकायला सुरुवात केली, कारण पाण्यालाही वजन असतं. कुणी भाषण दिलं नव्हतं, पडद्यावरचा आकडा पुरला. आपल्याकडं निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीमागं दहा रुपये जास्त घेतात, रिकामी बाटली परत आणली की ते परत मिळतात. जंगलात पडणाऱ्या बाटल्या दुकानात परत येऊ लागल्या. दोन्हीकडं पैसा लगेच आणि डोळ्यांसमोर हलतो. ‘वर्षभर कचरा वेगळा द्या, भाग्यवान विजेत्याला भेटवस्तू’ यात तो हलत नाही, म्हणून त्याचा जोरही बेताचाच.

घरोघरी वजन करून पैसे घ्यायची पद्धत आपल्याकडं लगेच आणावी असं मला वाटत नाही. वजनावर पैसे लावले की अर्धा कचरा रात्रीतून नाल्यात जाईल. सोलच्या पेटीला झाकण आहे, आमच्या नाल्याला नाही.

यापुढचा प्रश्न कुठल्याच सादरीकरणात दिसत नाही: घरात फोन कुणाचा आणि बादली कुणाची? आमच्या गल्लीत ॲप आहे ते मुलांच्या फोनमध्ये. बादली आहे ती अक्कांच्या, सुनेच्या किंवा धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींच्या हातात. निरोप जातो एकाकडं, कचरा असतो दुसरीकडं. त्यात हे सोलापूर. एकाच जिन्यावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येते. अक्का माझ्याशी मराठीत बोलतात, सुनेशी तेलुगूत भांडतात. ‘जैवविघटनशील’ हा शब्द त्यांना कुठल्याच भाषेत सांगून उपयोग नाही. ‘कुजतंय का?’ एवढं विचारलं तर चारही भाषांत उत्तर बरोबर येतं.

आणि पाणी. दुधाची पिशवी, दह्याचा डबा, तेलाचं पाकीट धुऊन द्या, असं सगळी ॲप सांगतात. बरोबरच आहे, न धुतलेल्या पिशवीला वास सुटतो आणि भंगारवाला तिला हात लावत नाही. पण हा सल्ला रोज नळ चालणाऱ्या गावात लिहिलेला आहे. ज्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं आणि बॅरल भरून ठेवावी लागतात, तिथं पिशवी धुवायला स्वच्छ पाणी कोण घेईल? आमच्याकडं बायका वेगळंच करतात. भांडी घासून झाल्यावर शेवटच्या खळबळलेल्या पाण्यात पिशव्या बुडवून काढतात आणि खिडकीच्या गजाला चिमट्यानं लावतात. वाळल्या की चुरगाळून एका मोठ्या पिशवीत. हे त्यांना कुठल्या ॲपनं शिकवलेलं नाही. खरं तर ॲपनंच हे त्यांच्याकडून शिकून इतरांना सांगायला हवं.

खासगीपणाचाही एक मुद्दा आहे, छोटा वाटतो पण नाही. रोजच्या स्कॅनच्या नोंदीतून एखाद्या घरानं आठ दिवस कचराच दिला नाही हे कळतं. म्हणजे घराला कुलूप आहे हे कळतं. ही यादी कुणाकुणाला दिसते, किती दिवस साठवतात, ठेकेदार बदलला की तिचं काय होतं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. स्टिकर लावायला माणूस आला की त्याला चहा जरूर द्या, आणि हेही विचारा.

तैवानचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथली घंटागाडी आपल्या घंटागाडीची लांबची बहीण वाटते. कचऱ्याच्या गाड्या बेथोव्हेनची धून वाजवत गल्लीत येतात आणि लोक पिशव्या घेऊन खाली उतरतात. कचरा जमिनीला टेकवायचाच नाही, हातातून थेट गाडीत, असं तिथलं धोरण आहे. तैपेई शहरात २००० सालापासून पालिकेच्या ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात. आणि तिथल्या लोकांना कामाचं वाटणारं ॲप कुठलं, तर गाडी आत्ता नकाशावर कुठं आहे ते दाखवणारं. उपदेश नाही, शाबासकीचे तारे नाहीत. गाडी किती लांब आहे एवढंच. कुकर उतरवायला वेळ आहे की तसंच पळायचं, हे ठरवता येतं. मला विचाराल तर एका पालिकेला एकच ॲप काढता येत असेल, तर हे काढावं.

आमच्या गल्लीनं ते आपल्या परीनं काढलंही आहे. त्याला नाव नाही. तो गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मुळात पाण्यासाठी केलेला. टोकाच्या घरातल्या वहिनी नळाला पाणी आलं की लिहायच्या, “आलं.” पुढं त्याच घंटागाडीचंही लिहू लागल्या, “आली.” एका अक्षराचा फरक. सुरुवातीला घोटाळे व्हायचे, पाण्याच्या आनंदात लोक बादली घेऊन दारात, आणि समोर गाडी! आता सगळ्यांना सवय झाली. अक्कांना वाचता येत नाही, पण वहिनींच्या निरोपाची टिंग त्यांनी नातवाकडून वेगळी लावून घेतली आहे. ती वाजली की त्या उठतात, ‘आलं’ असो की ‘आली’. दोन्हीला बादली लागतेच.

टरफलांचं म्हणाल तर ती गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्कांनी घमेलं गच्चीवर नेलं, कढीपत्त्याच्या कुंडीत पसरलं आणि खाली येऊन मला म्हणाल्या, “तुमचं ओलं तिकडं ठेवलंय बघा, वाळत.”